पिशवीखालचा बर्फ

१

व्हॅलेरियन लोपीस रस्त्यावर आडवा पडला होता. त्याच्या हातातली लाल ‘स्टॉप’ची पाटी उडून पार पलीकडच्या फुटपाथपाशी गेली होती.

डॉक्टर मृणालिनी सबनीस चहाचा थर्मास पायरीवर टाकून धावल्या. त्यांचं घर कोपऱ्यावरच होतं. रोज सकाळी मुलं शाळेत जाईपर्यंत व्हॅलेरियन त्या क्रॉसिंगवर उभा असे आणि मुलं आत गेली की त्यांच्या पायरीवर बसून आल्याचा चहा पीत असे. मूळचा वसईचा माणूस. टोरंटोत नोकरी करून निवृत्त झाला आणि मुलीजवळ राहायला अल्बर्टात आला. एडमंटनच्या दक्षिणेला असलेल्या ऑल्डर क्रीकसारख्या लहानशा गावात मराठी बोलायला आणखी कुणी मिळेल असं मृणालिनीबाईंना वाटलं नव्हतं.

“हलू नका. मी आहे.” मृणालिनीबाईंनी गुडघे टेकले. डांबर कोरडं आणि बर्फासारखं गार होतं. त्यांनी आपला कोट काढून त्याच्या अंगावर घातला. मांडीचं हाड मोडलं होतं हे पायाच्या ठेवणीवरूनच कळत होतं. कानामागून रक्त येत होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

“डॉक्टरबाय,” व्हॅलेरियन पुटपुटला, “माझ्याकडं बगितलं. सरळ बगितलं. पन दिसलो नाय मी.”

“कुणी बघितलं?”

त्याचे डोळे मिटले.

आभाळ केव्हाचं भरून आलं होतं. हिमाचे पहिले कण त्याच्या नारिंगी जॅकेटवर पडू लागले आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळा कोपरा पांढरा झाला. मुलांना सोडायला आलेल्या दोघी आया एकमेकींना धरून उभ्या होत्या. गाडी चंदेरी होती, सिग्नल लाल असताना आली, आरशाने व्हॅलेरियनला उडवलं आणि न थांबता निघून गेली. नंबर कुणीच बघितला नव्हता.

“पण इथे कॅमेरा आहे ना!” त्यांतली एक एकदम म्हणाली.

कॅमेरा होता. क्रॉसिंगच्या अलीकडे, स्प्रूसच्या झाडांपाशी उंच खांबावर. लाल दिवा तोडणाऱ्या गाडीचा मागून फोटो काढणारा. व्हॅलेरियनला ॲम्ब्युलन्समध्ये चढवून झाल्यावर कॉन्स्टेबल शेरिल त्या खांबाकडे निघाली. कोट गेला तरी थंडीचं भान नसलेल्या मृणालिनीबाई तिच्यामागे गेल्या.

दोघी खांबाखाली थांबल्या आणि वर बघतच राहिल्या. कॅमेऱ्याच्या पेटीवर कचऱ्याची काळी पिशवी चढवलेली होती.

२

तो २०१७ चा ऑक्टोबर होता. थँक्सगिव्हिंगची सुट्टी नुकतीच संपली होती आणि पुढच्या सोमवारी गावाचं मतदान होतं. नगराध्यक्ष कोण होणार याची त्या वर्षी कुणाला पर्वा नव्हती. भांडण कॅमेऱ्यांवरून होतं. मतपत्रिकेवर एक जादा प्रश्न होता: मतदारांची मंजुरी घेतल्याशिवाय गावात वाहतूक कॅमेरा बसवू नये आणि असलेले मंजुरी मिळेपर्यंत काढून टाकावेत, हे मान्य आहे का? घराघरापुढच्या हिरवळीवर पाट्या लागल्या होत्या. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता.

हा प्रश्न मतपत्रिकेवर आणणारा माणूस म्हणजे नंदन गुप्ते, वीज कंपनीतला निवृत्त इंजिनिअर. उंच, ताठ, तापट. त्याचा मुद्दा साधा होता आणि तो सांगताना तो कधी थकत नसे. कॅमेरा गाडी बघतो, माणूस बघत नाही. गाडी कुणीही चालवो, दंड मालकाला. लोकांना न विचारता लोकांवर डोळा ठेवायचा हक्क कुणी दिला? आणि गेल्या आठवड्यात कम्युनिटी हॉलमधल्या सभेत, भर गर्दीत, तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, “त्या शाळेपुढच्या पेटीच्या डोक्यावर मी स्वतः कचऱ्याची पिशवी घालीन!”

लोक हसले होते, टाळ्याही पडल्या होत्या.

आता कुणी हसत नव्हतं.

कॅमेऱ्याची देखभाल करणारा ब्रायन आला तोवर बराच बर्फ साचला होता. दाढीवाला, घाईतला माणूस. पोलिसांचा फोन आला तेव्हा तो एडमंटनहून निघून हायवेवर गाड्यांच्या रांगेत अडकला होता. त्याने खांबाच्या पायथ्याशी असलेल्या कुलपात किल्ली घातली, हँडल फिरवलं आणि पेटी करकरत खाली आली.

“नेहमीचंच आहे हे,” तो चिडून म्हणाला. “शिडी लावून लेन्सपुढे काहीतरी अडकवतात आणि पळतात.”

पण हे तसं नव्हतं. पिशवी पेटीवर पूर्ण चढवून खालून केबलभोवती नीट गाठ मारली होती; शिडीवर उभं राहून ती जमली नसती. शेरिलने पिशवीवरचा बोटभर बर्फ झटकला, गाठ कापली आणि पिशवी वर ओढून काढली.

मृणालिनीबाई पुढे वाकल्या. पेटीच्या सपाट झाकणावर बर्फाचा एक पातळ, दाबला गेलेला थर होता. नीट, पांढरा, कडेपर्यंत पोचलेला.

त्यांनी आयुष्यभर एडमंटनच्या हॉस्पिटलात एक्स-रे वाचले होते. सावलीवर सावली कुठली आधी, कुठली नंतर, हे सांगणं हेच त्यांचं काम. त्या काही बोलणार तोच ब्रायनने हातमोज्याने झाकण पुसलं.

“फोटो निघाला असेल का?” शेरिलने विचारलं.

“पिशवीतून? काळोखाचा निघाला असेल. फोटो आधी टाउन ऑफिसात गौरांगीच्या स्क्रीनवर येतात. तिला विचारलं मी फोनवर. म्हणाली, सकाळपासून काहीच आलेलं नाही.”

गौरांगी म्हणजे नंदनची मुलगी. बाप कॅमेऱ्यांविरुद्ध लढत होता आणि मुलगी त्याच कॅमेऱ्यांचे फोटो तपासायची नोकरी करत होती. गाव यावरून दोघांची थट्टा करत असे.

शेरिलने पिशवी पुराव्यासाठी घडी करून ठेवली. मग मृणालिनीबाईंकडे वळून तिने हळूच विचारलं, “नंदन गुप्ते तुमचे मित्र ना? मला त्यांच्याशी बोलावं लागणार. आत्ताच.”

३

दुपारी मृणालिनीबाई गुप्त्यांकडे पोचल्या तेव्हा शेरिल येऊन गेली होती. घरात तळणीचा वास होता. दिवाळी आठवड्यावर आली होती. सुनंदा ओट्याशी करंज्या करत होती आणि नंदन दिवाणखान्यात खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होता.

“कोण?” सुनंदाने वळून विचारलं.

“मी गं.”

“मृणाल! ये ये. लोपीस कसे आहेत? मला सकाळपासून काही सुचत नाहीये.”

“ऑपरेशन चालू आहे. डोक्यात रक्तस्राव आहे. सांगता येत नाही.”

सुनंदाच्या हातातली करंजी निसटून ताटात पडली. ताटातल्या करंज्यांकडे बघून मृणालिनीबाईंना नवल वाटलं. सुनंदाची करंजी म्हणजे नाजूक मुरड, मोजून घातल्यासारखी. आज निम्म्यांच्या कडा उघड्या होत्या आणि सारण बाहेर आलं होतं. काळजीने हात चालत नसेल, त्यांनी मनाशी म्हटलं.

“नंदन, शेरिलला काय सांगितलंत?”

“काही नाही.”

“पिशवी तुम्ही घातलीत?”

“तिला वाटतं ना घातली? वाटू दे.”

“अहो, हे काय उत्तर झालं? तुम्ही सकाळी रेडिओवर होतात! मी स्वतः ऐकलं. स्वयंपाकघरात रेडिओ लावूनच चहा करत होते. तुम्ही बोलत होतात आणि मागे कुकरची शिट्टी झाली. निवेदकाने विचारलं, तुमच्या घरावरून आगगाडी जाते का.”

नंदन पुन्हा खिडकीकडे वळला. “पिशवी रात्रीसुद्धा घालता येते,” तो कोरडेपणाने म्हणाला. “शेरिल तेच म्हणते. मी रात्री घातली, म्हणून सकाळी फोटो आला नाही. मला यावर वकिलाशिवाय काही बोलायचं नाही.”

सहा महिने हा माणूस कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाबाहेर उन्हाथंडीत उभा राहून अनोळखी लोकांशी वाद घालत होता. गप्प बसणं त्याला माहीत नव्हतं. मग आजच का?

“मला जरा हॉस्पिटलात सोडता?” मृणालिनीबाईंनी मुद्दाम विचारलं. “माझी गाडी बर्फात नको वाटते.”

“नाही,” नंदन पटकन म्हणाला. “विंटर टायर्स लावलेले नाहीत. गाडी गराजमधून बाहेर काढणार नाही मी.”

“मी टॅक्सी बोलावते,” सुनंदा म्हणाली आणि चहाचा कप पुढे केला. बोलताना ती मृणालिनीबाईंच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होती. कप काठोकाठ भरून बशीत सांडला होता. तिला ते कळलंही नव्हतं.

४

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये व्हॅलेरियनची बायको कॉन्स्टन्स बसली होती. हातात जपमाळ होती, पण ओठ हलत नव्हते.

“ऑपरेशन झालं,” ती म्हणाली. “शुद्ध नाही अजून. मधे एकदा बोलला. तेच तेच. बघितलं पण दिसलो नाय. पोलीसबाई म्हणते, कॅमेऱ्याबद्दल बोलतो तो. कॅमेऱ्याने बघितलं, पण पिशवी होती म्हणून दिसला नाही.”

“तुला काय वाटतं?”

“कॅमेऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं, बाय? तो मुलांकडे बघायचा. आणि गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्याकडे. मला नेहमी सांगायचा, ड्रायव्हरचा डोळा आपल्या डोळ्याला लागला की मगच पाऊल टाकायचं.” तिने मान वर केली. “डॉक्टर, त्या गुप्त्यांनी पिशवी घातली असंल तर मी त्यांना कधी माफ करणार नाही. पन ती गाडी कोनाची? ते कोन शोधतंय?”

मृणालिनीबाई उठल्या. त्या कॉरिडॉरमधून चालत राहिल्या, लिफ्टपर्यंत आणि परत. डोकं थांबत नव्हतं.

व्हॅलेरियन पडला तेव्हा डांबर कोरडं होतं. त्यांच्या गुडघ्यांना अजून ते आठवत होतं. बर्फ त्यानंतर सुरू झाला. पिशवी रात्री घातली असती तर पेटीचं झाकण कोरडं असायला हवं होतं. पण झाकणावर बर्फ होता, पिशवीच्या खाली. म्हणजे पिशवी बर्फ सुरू झाल्यावर चढवली. म्हणजे अपघातानंतर!

त्या मधेच थांबल्या. एक नर्स त्यांना वळसा घालून गेली.

अपघात झाला तेव्हा कॅमेरा उघडा होता. त्याने फोटो काढला होता. आणि नंतर कुणीतरी, पोलीस आणि ॲम्ब्युलन्स समोर असताना, त्या धांदलीत खांबापाशी जाऊन शांतपणे त्याला पिशवी घातली होती. कशाला? घडून गेलेली गोष्ट झाकायला पिशवी कशी पुरेल?

एकाच कारणासाठी पुरेल. फोटो का नाही, या प्रश्नाला उत्तर म्हणून.

ॲम्ब्युलन्सच्या दिव्यांमधून, पडत्या बर्फातून स्प्रूसच्या झाडांकडे दिसलेली एक आकृती त्यांना आठवली. नारिंगी जॅकेट घातलेली. टाउनचं कुणीतरी काम करत असेल म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा बघितलंही नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं.

त्यांनी ब्रायनला फोन लावला. “खांबाची किल्ली कुणाकुणाकडे असते?”

“माझ्याकडे. आणि एक ऑफिसात, गौरांगीच्या ड्रॉवरमध्ये.” मग त्याचा आवाज चढला. “हे बघा डॉक्टर, तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळतं. गावात सगळे तेच बोलतायत. मतदान हरलो तर माझी नोकरी जाणार, म्हणून मीच पिशवी घालून गुप्तेंचं नाव पुढे केलं. पण मी हायवेवर होतो!”

“मला माहीत आहे. आणि तुम्ही तसं केलं नसतं.”

“का बरं?” तो चक्रावला.

“सांगा, त्या गाडीचा फोटो मिळाला असता तर तुम्ही काय केलं असतं?”

“काय केलं असतं? गावभर लावला असता. मुलांच्या रक्षकाला उडवून पळणारा माणूस आमच्या कॅमेऱ्याने पकडला! सोमवारी एक मत विरुद्ध गेलं नसतं.”

“तेच,” मृणालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांचं मन एकदम जड झालं. उत्तर त्यांना सापडलं होतं, आणि ते त्यांना नको होतं.

५

दुसऱ्या दिवशी गौरांगी ऑफिसात गेली नव्हती. तिच्या कॉन्डोचं दार तिने उघडलं तेव्हा तिच्या अंगात कालचेच कपडे होते. दारामागच्या खुंटीवर टाउनचं नारिंगी जॅकेट लटकत होतं.

“मावशी, आय ॲम नॉट वेल. नंतर बोलू?”

“बस, गौरांगी.” मृणालिनीबाई स्वतः खुर्ची ओढून बसल्या. “मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग.”

गौरांगी उभीच राहिली.

“किल्ली दोघांकडे. ब्रायन आणि तू. पिशवी अपघातानंतर चढली, कारण तिच्याखाली बर्फ होता. म्हणजे ती फोटो झाकायला नव्हती, फोटो नाहीसा झाल्याचं कारण दाखवायला होती. ज्याच्या हातात फोटो होता त्यालाच या कारणाची गरज. आता ब्रायन घे किंवा कॅमेऱ्यांच्या बाजूचा कुणीही घे. त्यांना तो फोटो सोन्यासारखा होता, कुणीही तो लपवला नसता. तो लपवणाऱ्याने स्वतःच्याच नोकरीवर पाणी सोडलं. असं माणूस स्वतःसाठी करत नाही. घरच्या माणसासाठी करतो.”

गौरांगीने खुंटीवरच्या जॅकेटकडे बघितलं.

“तू स्क्रीनवर गाडीचा नंबर बघितलास. तो तुला पाठ होता.”

“स्टॉप,” ती म्हणाली. “प्लीज स्टॉप.” मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. “मला कळलंच नाही मी काय करतेय. सायरन ऐकू येत होता आणि स्क्रीनवर बाबांची गाडी होती. दे वुड हॅव क्रूसिफाइड हिम, मावशी. सगळं गाव. कॅमेऱ्याविरुद्ध बोलणारा माणूस, आणि त्यानेच... मी जॅकेट घातलं, किल्ली घेतली, ऑफिसच्या कचऱ्याची पिशवी घेतली. तिथे मला कुणी हटकलंसुद्धा नाही. आणि संध्याकाळी कळलं की पिशवीमुळे पोलीस बाबांकडेच गेले! ते सभेत काय बोलले होते ते मला आठवलंच नाही. आय वॉजन्ट इव्हन देअर.”

“बाबांशी बोललीस?”

“काल सकाळीच फोन केला. ते म्हणाले, तू काही बोलू नकोस, मी बघतो. म्हणजे त्यांनीच केलं ना? अँड ही जस्ट ड्रोव्ह अवे. माझे बाबा. रस्त्यात पडलेल्या माणसाला टाकून.”

तिला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

“फोटो पुसून टाकलास?”

गौरांगीने मान हलवली. “नाही जमलं. लोपीस अंकल मला रोज हात करायचे.”

“मग दाखव.”

६

लॅपटॉपवर फोटो उघडला. चंदेरी गाडी, मागून. नंबर स्वच्छ. पुढे धूसर उजेडात उचललेला हात आणि लाल पाटी. मृणालिनीबाईंनी तिकडे फार वेळ बघितलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या, पूर्वी एक्स-रेच्या उजळ पेटीपुढे जात तशा.

“मागच्या काचेतून ड्रायव्हरची सीट दिसते का बघ.”

“दिसते. पण माणूस नाही दिसत. सीटचा हेडरेस्ट फक्त.”

“हेडरेस्टच्या वर काय आहे?”

“नथिंग.”

“तुझे बाबा किती उंच आहेत?”

गौरांगीने त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. नंदन गाडीत बसला की त्याचे केस छताला लागत. गेल्या वर्षी गाडी घेताना त्यावरूनच तो डीलरशी भांडला होता.

“त्यांचं डोकं दिसायला हवं होतं,” ती सावकाश म्हणाली.

“हो. शिवाय मी थर्मास घेऊन पायरीवर येईपर्यंत ते घरून रेडिओवर बोलत होते आणि मागे कुकर वाजत होता. मी ऐकलाय. कॅमेऱ्याने गाडी बघितली, बेटा. माणूस बघितला नाही. तुझे बाबा सहा महिने हेच ओरडून सांगतायत, आणि तू ते ऐकलं नाहीस.”

“पण मग...” गौरांगीने लॅपटॉप बंद केला. “नो. आई तर उन्हाळ्यापासून ड्राइव्ह करत नाही. म्हणते कंटाळा येतो.”

“कंटाळा नाही,” मृणालिनीबाई उठत म्हणाल्या. “चल. जॅकेट घाल.”

७

सुनंदा खिडकीपाशी बसली होती. गौरांगीला बघून ती हसली, पण नजर मुलीच्या खांद्यापलीकडे लागली होती. नंदन स्वयंपाकघरातून आला, दोघींचे चेहरे बघितले आणि जागीच थांबला.

“मृणालिनी, नको,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी विनवणी कुणी कधी ऐकली नव्हती.

मृणालिनीबाई मैत्रिणीसमोर बसल्या. “सुनंदा, माझ्या नाकाकडे बघ. काय दिसतं?”

“हा काय खेळ?”

“सांग ना.”

“मधे काही नाही,” सुनंदा शेवटी म्हणाली. “धुरकट. कडेने केस दिसतात तुझे. कानातले दिसतात.” तिने हात मांडीवर घट्ट धरले. “मार्चपासून. डोळ्यांच्या डॉक्टरने उन्हाळ्यात सांगितलं, गाडी चालवायची नाही. मी यांनाही पूर्ण सांगितलं नाही. मृणाल, तुला माहीत आहे इथे गाडी नाही म्हणजे काय. बस नाही, दुकान नाही, माणूस नाही. सगळा हिवाळा या खिडकीत.”

“काल सकाळी कुठे गेली होतीस?”

“पोहायच्या क्लासला. हे सोडतात रोज. काल यांचा रेडिओ होता. मी म्हटलं, जवळच तर आहे, उजेडही होतोय. कुकर लावून गेले.” ती बोलता बोलता थांबली. आता तिने एकेकाकडे मान वळवली. खोलीतली शांतता तिला ऐकू आली होती. “जाताना आरसा कशाला तरी लागला होता. मला वाटलं, कचऱ्याचा डबा. यांना सांगितलं मी. हे म्हणाले, मी बघतो.”

गौरांगीने बाबांकडे बघितलं.

“डबा नव्हता का?” सुनंदाने विचारलं.

नंदन खाली जमिनीवर तिच्या पायाशी बसला. “शेरिल यायच्या आधीच कळलं मला. अपघाताचं कळलं, आणि गराजमध्ये जाऊन आरसा बघितला. मग गौरांगीचा फोन आला. मी म्हटलं, पिशवी मी घातली असं त्यांना वाटू दे. पिशवीपर्यंत येऊन थांबतील. सुनंदा, मला दुसरं काही सुचलं नाही.”

“त्याने तुझ्याकडे बघितलं होतं,” मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांना ते सांगायचं नव्हतं, पण ते न सांगता उठणंही शक्य नव्हतं. “तुझं तोंड त्याच्याकडे होतं. तू बघितलंस असं समजून त्याने पाऊल टाकलं. पडल्यावर एवढंच म्हणाला, सरळ बघितलं पण दिसलो नाही.”

सुनंदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गौरांगी तिच्याजवळ गेली तर तिने तिला दूर केलं. मग ती उठली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली आणि कोट अंगावर चढवू लागली. बाही सापडत नव्हती.

“आई, व्हेअर आर यू गोइंग?”

“पोलिसांकडे. आणि आज मला कुणीतरी सोडायला लागेल.”

८

शेरिलने सगळं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी व्हॅलेरियन शुद्धीवर आला आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न मुलांबद्दल होता. पाय मात्र पूर्वीसारखा होणार नव्हता.

शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये शेवटची सभा झाली. नंदन येणार नाही असं सगळे धरून चालले होते. तो आला. “त्या कॅमेऱ्याने त्याचं काम केलं होतं,” तो म्हणाला. “खोटं माझ्या घरात झालं. तरीही मला वाटतं, कॅमेरा लावायच्या आधी लोकांना विचारलं पाहिजे. तुम्हाला आता माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. प्रश्नावर मत द्या, माझ्यावर नको.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सोमवारी त्याचा प्रश्न थोडक्या मतांनी जिंकला आणि त्या घरात कुणी फटाकाही लावला नाही, पणतीही लावली नाही. नोव्हेंबरात ब्रायनने शाळेपुढची पेटी उतरवून नेली.

सुनंदाने कोर्टात गुन्हा मान्य केला. गौरांगीची नोकरी गेली, तिच्यावरही खटला झाला. मृणालिनीबाई दोन्ही वेळा जाऊन मागच्या बाकावर बसल्या. नंदन त्यांच्याशी हिवाळाभर बोलला नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठायला लागला तेव्हा एके दिवशी लोपीसांच्या घराची बेल वाजली. कॉन्स्टन्सने दार उघडलं. नंदन उभा होता, हातात कागदाचं पॅड आणि पेन.

“नव्या नियमाने मतदारांची मंजुरी लागते,” तो म्हणाला. तिच्या नजरेला नजर देणं त्याला जड जात होतं. “शाळेच्या कोपऱ्यावर कॅमेरा परत बसवावा, हा प्रश्न मतदानाला टाकायचाय. सह्या गोळा करतोय. तुम्ही नाही म्हणालात तरी मला समजेल.”

कॉन्स्टन्सने पॅड घेतलं, दाराच्या चौकटीला टेकवून सही केली आणि परत दिलं. मग तिला फुटपाथवर कोट घालून उभी असलेली सुनंदा दिसली. ती पुढे आली नव्हती.

“चालत आलात?” कॉन्स्टन्सने तिथूनच विचारलं.

“हो,” सुनंदा म्हणाली.

“परत चालतच जा.”

सुनंदाने मान खाली घातली. नंदन पायरी उतरायला वळला.

“पन आधी आत या दोघं,” कॉन्स्टन्स म्हणाली. “अंधार व्हायच्या आत निघा म्हणजे झालं. बाहेर फार निसरडं झालंय.”